अल्फाच्या पोटातला डेल्टा

तीर्थरूप भावोजींस, शिंपीमामाचा कमरेतून वाकून नमस्कार. आपली कंबर आता वाकते का, की अजून फक्त ताईपुढेच वाकते? माझं आणि माझ्या शिलाई मशिनींचं बरं चाललंय. काल आपल्या लेकीचं परीक्षकांपुढे भाषण झालं. जमलं तर प्रयोगशाळेत जागा, नाही तर तुम्ही ठरवलेली बँकेतली खुर्ची. काय झालं ते मीच कळवतो, कारण ती माझा भाग गाळून सांगेल.

विषय होता टी पेशी, म्हणजे रक्तातले पहारेकरी. प्रत्येकीच्या अंगावर चोर ओळखणारा एक रिसेप्टर असतो आणि त्याचा बेत जनुकांच्या तुकड्यांत असतो. पेशी या ढिगातला एक तुकडा घेते, त्या ढिगातला एक घेते, दोन्ही जोडते आणि मधलं कापून फेकते. एवढ्याशा तुकड्यांतून लाखो नमुने. (मी म्हटलं, पोरी, हे तर आमचंच खातं.) मग तिने चित्र काढून दिलं आणि कापडाची लांब पट्टी शिवायला सांगितली: निळे तुकडे अल्फाचे, चॉकलेटी डेल्टाचे. (रिसेप्टर दोन भागांच्या जोडीचा असतो म्हणे: काही पेशींत अल्फा-बीटा, काहींत गॅमा-डेल्टा.)

चित्रात चॉकलेटी तुकडे निळ्यांच्या अगदी मधोमध. आता भावोजी, एका गिऱ्हाइकाचं कापड दुसऱ्याच्या गठ्ठ्यात गेलं की काय ऐकावं लागतं, हे मला विचारा. मला वाटलं, घाईत पोरीचा घोटाळा झाला. मी डेल्टाची वेगळी पट्टी केली, दुहेरी शिलाई मारली, वर इस्त्री फिरवली आणि तिला खूश करायचं म्हणून काही बोललो नाही.

भाषण रंगात आलं. "आता अल्फा जुळतो आणि डेल्टा गळून पडतो," असं म्हणून तिने पट्टी ओढली. काहीच पडलं नाही. पुढे बसलेल्या परीक्षक बाई शेजाऱ्याला कुजबुजल्या, "डेल्टा कुठाय?" (मी शेवटच्या रांगेत होतो, पण माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत.) मी उभा राहून म्हणालो, "बाई, डेल्टा माझ्याकडे आहे. वेगळा शिवलाय."

लेकीने डोळे मिटले. मग म्हणाली, "मामा, कात्री आहे का?" शिंप्याला विचारते. मी तिथेच निळी पट्टी मधोमध कापून डेल्टा टाचण्यांनी आत बसवला. तोवर ती परीक्षकांना म्हणाली, मामांसारखंच कुणालाही वाटेल की अल्फा-बीटा पेशी वेगळ्या, गॅमा-डेल्टा वेगळ्या, तर त्यांचे तुकडेही वेगळ्या कपाटांत असणार. पण डेल्टा राहतो अल्फाच्या पोटात. म्हणून अल्फा जुळला की डेल्टा बाहेर, आणि माघार नाही; ती पेशी पुन्हा गॅमा-डेल्टा होऊच शकत नाही. एवढं बोलून तिने निळी टोकं जुळवली आणि चॉकलेटी पट्टी थेट बाईंच्या बुटावर पडली. बाई हसल्या, तेव्हाच मी ओळखलं. संध्याकाळी जागा मिळाल्याचा निरोप आला.

आपला,
मामा

ता. क. ती आता बँकेत येत नाही. ताईला तुम्हीच सांगा, मी लांब आहे तेच बरं.

ता. ता. क. निवृत्तीच्या समारंभासाठी तुम्ही कोटाचं कापड पाठवलं होतं, आठवतं ना, चॉकलेटी? कोट सुंदर झालाय, फक्त बाह्या नाहीत. तेवढं कापड पाठवा. जुनं परत मागू नका. ते बाईंनी आठवण म्हणून नेलं, आणि गळालेला डेल्टा परत येत नाही हे तुमच्याच लेकीचं म्हणणं आहे.