कुणावर गेलंय

६ फेब्रुवारी २००१, मंगळवार

आज तीन बाळंतपणं. तिन्ही वेळा तेच! बाळ पुसून, गुंडाळून बाहेर आणते — अजून धड डोळेही उघडलेले नसतात — अन् बाईची आई म्हणते, "अगं बाई, थेट बापावर गेलंय!" सासू मात्र लगेच बोलत नाही. वाकून बघते. कान बघते, बोटं बघते. मग म्हणते, "व्हय, हाय जरा."

चहाच्या वेळी हर्षदा मॅडमना सांगितलं. पुण्याहून मंगळवारी येतात त्या, नव्या डॉक्टर. हसतील वाटलं. हसल्या नाहीत. "सिस्टर, यावर अभ्यास झालेत. आईकडचीच माणसं असं जास्त म्हणतात. आई कोण ते सगळ्यांना दिसतं. बाप कोण ते मानावं लागतं. बापानं मानलं तरच तो जीव लावणार ना! हजारो पिढ्या हेच चाललंय, ते अंगात मुरलंय."

मी म्हटलं, म्हणजे या बायका खोटं बोलतात?

"नाही हो! त्यांना खरंच तसं दिसतं. आपण का बोलतो ते आपलं आपल्यालाच माहीत नसतं."

दिवसभर हेच डोक्यात.

९ फेब्रुवारी

मीपण म्हणते! आज माझं मलाच ऐकू आलं. बाळ बापाच्या हातात दिलं अन् तोंडातून निघालं — "घ्या, तुमचंच रूप." कुणी शिकवलं मला? मला तर लेकरूसुद्धा नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. बाजारातून मेथीची जुडी आणली. एकटीला दोन दिवस तीच. घरमालकीणबाई लेकीकडे गेल्यात. दिवसभरात कुणाशी शब्द नाही. संध्याकाळी उगाच खाकरून बघितलं, आवाज आहे का! समोरच्या एसटी डेपोतला माणूस भोंग्यावर दौंडच्या गाडीचं सांगत होता, त्यालाच "बरं" म्हटलं.

दौंड म्हटलं की ते सगळं आठवतं. तिथल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं — बाईत काही दोष नाही, आता मालकांना पाठवा. नवरा, म्हाळू, गेलाच नाही. "मला काय धाड भरलीय?" एवढंच म्हणाला. मग सासू वांझ म्हणाली, सासरचं अख्खं वरवंड गाव म्हणालं, अन् काडीमोड झाला. पुढं त्यानं दुसरं लग्न केल्याचं कानावर आलं.

त्याच्यावर राग धरताच आला नाही कधी. त्याला खरंच वाटायचं, दोष माझाच. मॅडम म्हणतात तसं — माणसाला स्वतःचंच कळत नाही. न कळणाऱ्यावर काय रागवायचं!

१३ मार्च, मंगळवार

नीट लिहिते.

सकाळी एक पोर आली, मोनाली. जेमतेम विशीची. पहिलटकरीण, इथं जवळच माहेर. बिजवराला दिलेली. बरोबर आई, आक्काबाई. पोरीनं माझं मनगट धरलं ते सोडेना. "सिस्टर, जाऊ नका." नाही गेले. दुपारी मुलगा झाला.

चार वाजता सासरची माणसं जीपनं आली. बाळ घेऊन बाहेर गेले — तर समोर बानूबाई. माझ्या सासूबाई! मागं म्हाळू. केस पिकलेत. मला बघून मान खाली.

बानूबाई सगळ्या बायकांदेखत म्हणाल्या, "बघ धुरपे, झालं का न्हाई आमच्या घरात लेकरू?"

मी बाळ पुढं केलं.

त्यांनी बाळ घेतलं. खिडकीच्या उजेडात धरलं. कपाळ, कान, हनुवटी. बोलेचनात. आक्काबाई घाईघाईनं म्हणाल्या, "जावयावरच गेलंय, न्हाई का वो सिस्टर?" दार उघडं होतं. आत खाटेवरून मोनाली माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती. श्वासच थांबलेला. तेव्हा मला कळलं.

बानूबाई माझ्याकडं वळल्या. "तू सांग. तू नांदलीयास त्येच्यासंगं. तुला ठाव त्येचं रूप."

मी बाळाकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, "थेट त्यांच्यावर. जिवणी बघा ना."

चेहराच खुलला त्यांचा! "म्हंजी दोष तुझ्यातच हुता तर."

"हो," म्हटलं मी.

१४ मार्च

का म्हटलं मी तसं? पोरीची दया आली म्हणून — असं मी मला सांगतेय. पण ते खरं का? की बानूबाईंनी इतक्या वर्षांनी घरच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, ते गोड लागलं? की म्हाळूपुढं चांगलं दिसायचं होतं? मॅडमना विचारायची सोय नाही. तोंड उघडलं तर त्या पोरीचं वाटोळं.

१७ मार्च

मोनालीला घरी सोडलं. पाया पडली. मी बाळाचं टोपडं नीट केलं.

२६ मार्च, पाडवा

घरमालकीणबाईंच्या सुनेचं डोहाळजेवण झालं. खाली नुसता गलका. मला बोलावलं नाही. दवाखान्यातलं बोलणं यांच्यापर्यंत कसं आलं कोण जाणे! काल जिन्यात म्हणाल्या, "मूल तुमच्यामुळंच नव्हतं व्हय? तुम्ही तर वेगळंच सांगायचात." माझ्याच तोंडानं कबूल केलंय.

श्रीखंड आणलं नाही.

२४ एप्रिल, मंगळवार

मोनाली बाळाच्या डोसाला आली. म्हाळू सोबत. ती आत मॅडमकडं तपासायला गेली. तो बाकावर, बाळ मांडीवर, तोंडावर ऊन येऊ नये म्हणून हात आडवा धरलेला. मी इंजेक्शन घेऊन गेले.

"धुरपदा, त्या दिवशी आईपुढं बोललीस. लई उपकार झालं."

"दिसलं ते बोलले."

"न्हाई." आवाज खाली आणला. "मला ठाव हाय, ह्ये माझं न्हाई. मला ठाव हाय त्ये मोनालीला कळू दिऊ नगंस. पोरगं ग्वाड हाय. हाय ते ब्येस हाय."

"तुम्हाला कसं ठाव?"

"पुण्याला जाऊन तपासून आल्तो. तवाच. तू घरात हुतीस तवा."

सुई टोचली. बाळ रडलं. त्यानं छातीशी धरलं अन् पाठीवरून हात फिरवत राहिला — किती मायेनं!

दुसऱ्याचं लेकरू चाललं त्याला. मी नाही चालले.