शेवटच्या पानावर नसलेलं नाव

बाई, आपल्या दिंडोशीच्या वसाहतीतलं वाचनालय अजून चालू आहे आणि मी अजून तिथेच बसते. आमचे हे गेल्यावर माझी दुपार सरत नव्हती, तेव्हा तुम्हीच मला तिथे नेलंत. माझी शाळा सातवीत सुटलेली, वाचन काय ते पुड्यांच्या कागदांवरचं. तुमच्या स्वयंपाकघरात फरशीवर सभासदांची कार्डं पसरून तुम्ही मला ती लावायला शिकवताय. कुकरची शिट्टी होते, मी दचकते, कार्डं मिसळतात. "अगं, कुकर काय खातोय तुला? आणि क्ष, ज्ञ सगळ्यात शेवटी हं. माझं आडनावच क्षचं, जन्मभर हजेरीत शेवटची मी," म्हणून तुम्ही हसता.

पुढे कॉम्प्युटर आला. सगळी नावं मी एका बोटाने टाइप केली. एक बटण दाबलं की यादी आपोआप लागायची, याचं मला केवढं कौतुक! मग समितीने वर्षभर न आलेल्यांची नावं परस्पर काढली आणि नवी यादी छापून माझ्या हातात दिली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही काठी टेकत आलात, तेव्हा मी थेट शेवटचं पान उघडलं. यादी 'ह'वरच संपली होती.

"नाव काढलंय तुमचं, बाई."

"नीट बघ गं." चष्मा लावून तुम्हीही त्याच पानावर बोट फिरवलंत. "मी सुरू केलं ना हे वाचनालय?"

पेपर वाचणाऱ्या बायका बघत होत्या. पुस्तकं देण्याघेण्याच्या खुर्चीवर मी नवी. म्हटलं, "कॉम्प्युटर चुकत नाही, बाई. वर्षभर फिरकलात का तुम्ही?"

"बरं," म्हणालात, हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलंत आणि गेलात.

आठ दिवसांनी दुसरंच नाव शोधताना तुम्ही सापडलात. 'क'ची सगळी बाराखडी संपल्यावर, 'ख'च्या अगदी आधी. कॉम्प्युटरला 'क्ष' हे वेगळं अक्षर वाटतच नाही, 'क'ला 'ष' जोडलेला दिसतो. वाचनालय तुम्ही सुरू केलेलं, म्हणून समितीने तुमचं नाव काढलंच नव्हतं. आपण दोघी तुम्ही शिकवलेल्या जागी शोधत राहिलो.

तुमची इमारत दोन इमारती सोडून. उद्या जाऊ, उद्या जाऊ, असं करत राहिले. यादीचं सांगता आलं असतं, पण माझ्या त्या बोलण्याचं काय सांगणार होते? त्यानंतर तुम्ही दोन वर्षं जगलात. वाचनालयाची पायरी पुन्हा चढला नाहीत. तुम्ही गेलात त्या दिवशी तुमची मुलगी म्हणाली, "आई म्हणायची, मला काढून टाकलं त्यांनी."

आता विषय निघाला की मी सांगते, चूक कॉम्प्युटरची होती, खूप उशिरा कळली. आठ दिवसांत कळली होती, हे तुमच्या मुलीलाही अजून सांगितलेलं नाही.