रविवारी स्टुडिओ बंद

ठकी उठायच्या आत मी स्टुडिओत जाऊन येते. दूध तापवलंय. साय काढून दे, नाहीतर तोंड वाकडं करेल.

काल ती पडलेला दात दाखवायला आली, तेव्हा मी काय म्हटलं ते तू ऐकलंसच. फोटोला बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं, "हनुवटी जरा खाली. छान! चला, पुढचे." पोटच्या पोरीला! ती बिचारी खरंच हनुवटी खाली करून बाजूला झाली. तू हसलास, मीही हसले, पण नंतर मला ते हसण्यासारखं वाटेना.

मी थकलेय, हे तू वर्षभर सांगतोयस आणि मी "एवढा महिना जाऊ दे" म्हणत बारा महिने घालवले.

म्हणून आज दारावर पाटी लावून येते: रविवारी बंद. आजच्या तिन्ही गिऱ्हाइकांना कालच कळवलंय. स्टुडिओचा फोन घरच्या कपाटात कुलपात आहे, किल्ली तुझ्या शर्टाच्या खिशात. वाजला तर वाजू दे. मी मागितली तरी किल्ली देऊ नकोस.

कॅमेरा तिकडेच ठेवून येईन. ठकीला म्हणावं, दात जपून ठेव, आईला तो नीट बघायचाय.