दम लागणारी बाई

४ सप्टेंबर

आले एकदाची मावशीकडे. खिडकीखाली टेबल, टेबलावर दिवा, आणि मावशीने स्वतःच्या साड्या हलवून मोकळी केलेली कपाटाची एक फळी. परदेशातल्या मेडिकलचा प्रवेश यंदा मुलाखतीत हुकला. आई म्हणते वर्ष वाया गेलं. मी म्हणते, वर्ष कामी लावायचं. सकाळी अभ्यास, दुपारी काम, संध्याकाळी अर्ज. पुढच्या वर्षासाठीची पहिली मुलाखत २९ तारखेला, फोनवरच. मावशीने वेळापत्रक वाचलं आणि यात जेवायचं कधी, एवढंच विचारलं.

७ सप्टेंबर

काम मिळालं, तेही थेट मेडिकल कॉलेजात. फक्त उलट्या बाजूने, म्हणजे मी पेशंट. शिकणारी मुलं तपासायला येतात आणि मी दुखण्याचं सोंग करते. त्यांना शिकवणाऱ्या मॅडम रोज सुरुवातीला माझ्या मनगटावर प्लास्टिकची पट्टी बांधतात, आणि झालं की स्वतःच कापतात. पट्टी असेपर्यंत सोंग सोडायचं नाही, हसू आलं तरी.

माझी केस आहे दम लागणारी बाई. आधी जिन्यात दम लागतो, मग पाय सुजतात, मग आडवं होता येत नाही. शेवटच्या भागात बाई नसतेच, तेव्हा मुलं घरच्यांना कसं सांगायचं ते शिकतात. मॅडम म्हणाल्या, आपण तेवढं लांबवत नाही, पट्टी कापली की केस बंद. अर्जात रुग्णांच्या अनुभवाचा रकाना आहे, तो एकदाचा भरेल.

११ सप्टेंबर

अंगाचं नुसतं भुस्कट पडलंय. दुपारभर खोट्या धापा टाकायच्या आणि संध्याकाळी आपण किती उत्साही आहोत ते अर्जात लिहायचं. माझ्या आधीची मुलगीही प्रवेशाच्याच तयारीत होती म्हणे. तिला मिळाला का, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, तिला पुढे गरज पडली नाही. नशीबवान दिसतेय.

१५ सप्टेंबर

आज मॅडमना मध्येच कुणीतरी बोलावलं, त्या परत आल्याच नाहीत. वाट बघून कंटाळले आणि पट्टीसकट घरी आले. पुस्तकावरच डोकं टेकून झोपले. उठले तर मनगट मोकळं. मावशीने स्वयंपाकघरातल्या कात्रीने पट्टी कापली होती. रुतत होती गं, म्हणाली.

१६ सप्टेंबर

मॅडमनी माझं मनगट बघितलं आणि खुर्चीत बसल्या. जिने बांधली तिनेच कापायची असते, म्हणाल्या. आता केस बंद होणार नाही, शेवटपर्यंत न्यावी लागेल. मला वाटलं, मास्तरीण आहे, नियमांचं खूळ असणारच. घरी येताना पहिल्याच वळणावर जिन्यात बसले. दम लागला. जागरणं, दुसरं काय.

२० सप्टेंबर

चपलेत पाय जाईना. एका चष्मेवाल्या मुलाने घोट्यावर बोट दाबलं, खळगा तसाच राहिला. मी सरळ सांगितलं की हे सोंग नाही, मला खरंच बरं नाही. मॅडम मुलांना म्हणाल्या, बघा, कशी भूमिका सोडत नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, त्याचंही कौतुक झालं.

२३ सप्टेंबर

मावशीने कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, मी कुठे काम करते ते विचारलं आणि हसले. तेही तिथेच शिकलेत. फार छान करता, म्हणाले. औषध दिलं नाही.

फोन करून काम सोडलं. मॅडम बरं म्हणाल्या.

२४ सप्टेंबर

मुलं घरी आली. केसच्या या भागात घरी जाऊन तपासायचं असतं म्हणे. मावशीने सगळ्यांना चहा केला. किती गुणी मुलं आहेत, म्हणत होती. मी तिच्यावर ओरडले. खोकल्यात सगळं विरून गेलं.

२६ सप्टेंबर

आडवं होता येत नाही. तीन उश्या लावून बसून आहे. मुलांबरोबर आलेल्या मॅडमना विनवलं, नवी पट्टी बांधा आणि तुमच्या हाताने कापा. आधीची केस बंद झाल्याशिवाय नवी बांधता येत नाही, म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं. खरंच वाटत होतं.

मला फक्त मुलाखत द्यायचीय. तेवढी होऊ दे.

२८ सप्टेंबर

उत्तरं पाठ केली. अर्ध्या वाक्यावर श्वास संपतो. दोन-दोन शब्दांत बोलायचं ठरवलंय.

भीती वाटते —

२९ सप्टेंबर

इस्त्रीचा ड्रेस समोर टांगलाय. बाहेरच्या खोलीत मुलं आलीत. खुर्ची ओढल्याचा आवाज. आधी बसा, मग हळू बोला, असंच शिकवतात त्यांना —

चष्मेवाला सांगतोय. मावशी रडतेय. मॅडम म्हणाल्या, छान, आता पाण्याचा ग्लास द्या.

फोन वाजतोय. माझा. मुलाखतीचा. बाहेर राहिलाय —

त्याने उचलला. त्याच हळू आवाजात त्यांनाही —

मावशी आत आली. ड्रेस काढून घडी घालतेय. फळीवर तिच्या साड्या परत —

मावशी, मी इथे बसलेय, उश्यांना टेकून. इकडे बघ ना. नुसतं इकडे —