थरथर थांबवण्याविषयी

आबा, आज विहारात पौर्णिमेची वंदना संपली आणि शेजारी बसलेल्या अनोळखी बाईचे हात थरथरू लागले. पदरात गुंडाळले तरी थांबेनात. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं बया, अंगात आलं का काय हिच्या?" दोघी-तिघी हसल्या. तुमचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं.

ते वाक्य दुष्काळातलं. गोदावरीत नुसती वाळू उरली होती, आणि तुम्ही जिथं वॉचमन होतात त्या पाणीपुरवठा सोसायटीची विहीर आणखी खोल करायचं चाललं होतं. आई तिथं मुरुमाच्या पाट्या उचलायला जायची. मी अकरा वर्षांची. भाकरी घेऊन काठावर पोचले, आई खालून वर बघते आहे, आणि पलीकडची कड खचते. आवाज फार मोठा नव्हता. आई वर आलीच नाही. त्यानंतर रोज दिवेलागणीला मला थरथर सुटायची. आधी गुडघे, मग दात. गल्लीत बोलणं सुरू झालं, "देव्हारा नदीत सोडला ना ह्यांनी. देवी फिरून आली बघा." शेजारची म्हातारी लिंबू उतरवायला आली. तिला तुम्ही दारातच अडवलंत आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "बुद्धाच्या घरात अंगात येत न्हाई. ताठ बस. गप ऱ्हा." मग रोज बुद्धाच्या मूर्तीसमोर बसवलंत. मी मांडीत नखं रुतवून बसायची. महिन्याभरात थरथर गेली. "पोरगी लई शांत हाय," लोक म्हणाले. तुम्हाला बरं वाटलं. आईचं नाव मात्र घरात पुन्हा निघालं नाही.

ती शांतता मी फार वर्षं वागवली. अंबाजोगाईला नर्स झाले. वॉर्डात कुणी रडायला लागलं की मी चादरी बदलायला घ्यायची. तुम्ही गेलात तेव्हाही पाहुण्यांचा चहा मीच केला. पुढं ध्यानाच्या एका शिबिरात म्हातारे भन्ते म्हणाले, "थांबवू नका. कुठून सुरू होतं ते नुसतं बघा." मी बघत राहिले. गुडघे हलले, दात वाजले, आणि आई दिसली, खालून वर बघताना. मी मोठ्यानं रडले. त्या दिवशी मला तुमचा पहिल्यांदा राग आला. घरी परतताना बसमध्ये आठवलं, की वंदनेला तुम्ही हात जोडायचात आणि संपताच ते मांडीखाली दाबून बसायचात. मला ती बसायची पद्धत वाटायची. भीती तुम्हालाही होती, आबा. तिला लोक देवी म्हणतील, याची भीती त्याहून मोठी होती.

आज मी त्या बाईला म्हणाले, "मावशी, हलू द्या हात."

"अवो, लोकं हसायलेत."

"हसू द्या. श्वास कुठं अडकतोय तेवढं बघा."

हात थांबले, पुन्हा सुरू झाले. मग ती रडली. हसणाऱ्यांतलीच एक पाणी घेऊन आली. निघताना मावशीनं विचारलं, "तुमाला हे कुणी शिकविलं?"

"आमच्या वडलांनी," मी म्हणाले.

हे पत्र तुमच्या फोटोपुढं वाचायचं ठरवलं होतं. वाचणार नाही, घडी करून कपाटात ठेवते. राग अजून आहे. पण परक्या बाईसमोर तुम्हाला उणं म्हणवलं नाही.