जात्याच्या तळीखालचं पाणी

प्रिय उत्कर्षे,

परवा घरी पाव्हणं आलं, त्यात पहिला आला तो आपल्या जुन्या गावचा तात्याबाच. डोक्याला नवी टोपी, आन् पायरीवरनंच मला हाळी, तानुबाई, च्या टाक, फॉरेस्टवाली आल्यात! मागनं गाडीतनं उतरली गार्डबाई पल्लवी. तुझ्याच वयाची, खाकी कपड्यात लय गोड दिसती. संगं एक चष्मेवाला, रानातल्या पाण्याचा अभ्यास करणारा. खुर्ची दिली तर पल्लवी माझ्यापाशी खालीच बसली.

तुझा जन्म हिकडं कडेगावाकडच्या नव्या गावातला. आमचं जुनं गाव चांदोलीच्या जंगलात. आधी धरण आलं, मग अभयारण्य. तीस वर्सांमागं आमाला उठवून हितं आणलं आन् पुढं तिथं राष्ट्रीय उद्यानाची पाटी लागली. आता लोक जीपमधनं जनावरं बघाय जात्यात. पल्लवी सांगत हुती, एका पाव्हण्यानं आपल्या पडक्या भिंती बघून इचारलं, हा कुठला किल्ला? अगं, आपल्या म्हशीच्या गोठ्याचा किल्ला झाला! हसून हसून पदर तोंडाला लावला मी.

तर काम आसं, उन्हाळ्यात त्या अंगाला जनावरांना पाणीच ऱ्हात न्हाई. गावचा झरा हुता म्हनत्यात, त्यो सापडंना. तात्याबानं दोनदा नेऊन दोन जागा दावल्या, दोन्ही कोरड्या ठाक. तरी हितं बसून छाती फुगवून म्हनतोय, माझी जागा चुकायची न्हाई, झराच आटला आसंल.

मग मला ऱ्हावलं न्हाई. म्हनलं, त्यो आटला न्हाई, आमी झाकलाय. गाव सोडायच्या आदल्या दिवशी सासूबाई म्हनल्या, आपलं पाणी दुसऱ्या कुणाच्या तोंडी लागू द्यायचं न्हाई. टीचभर तोंडाचा झरा त्यो. दोघींनी जात्याची तळी, त्यो खालचा जड दगड, त्यावर सरकवली आन् वर माती लोटली. राग माणसांवर हुता गं, तहान मुक्या जनावरांना लागली. इतकी वर्सं मी कुणाला बोलले न्हाई, तुझ्या आजोबालाबी न्हाई.

वाटलं, आता पल्लवी भडकणार. ती माझा हात धरून म्हनली, आजी, मग तळी तुमीच काढायची. तात्याबा मात्र उसळला, अगं भवाने, मला दोनदा उन्हात पळवलंस की! लय दिसांनी मोकळं वाटलं बघ. च्या दोनदा झाला.

आता खरं सांगते. तुझा बाप म्हनतोय, गुडघे बघ आधी, जागा तोंडानं सांग. पर रान माजलंय, पाय लावल्याबिगर जागा घावायची न्हाई. घरातलं एक माणूस संगं पायजे, आसं फॉरेस्टवाली म्हनल्यात. तुझ्या बापानं, धनाजीनं, न्हाई म्हणून मान हलवायच्या आत मी सांगून टाकलं, माझी नात येती. तुला न इचारता. फोनवर बोलले आसते तर बापानं ऐकलं आसतं, म्हणून ह्या तिसरी पास हातानं लिवलंय. ये गं. ती समदी परत येणार हायेत गुढीपाडव्यानंतरच्या पयल्या रविवारी, सकाळी सातला.

तुझीच,
वाट बघणारी आजी