सॉसेज परत केल्याचा दाखला

तीर्थस्वरूप मार्गिताताईस, नदीच्या पलीकडून धाकट्या व्हेरोनाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. माझी कंबर तुला ठाऊक आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? कोंबड्या अंडी घालतात का? भावजी गेल्यापासून तू संध्याकाळी नुसता पाव आणि दही खाऊन झोपतेस, असं पोस्टमनबाई सांगत होती. ते आधी बंद कर. चार बटाटे उकडायला काय होतं? मी इकडे मजेत आहे, चार किलो वाढले आहे, आणि तू भीती घातली होतीस तरी मला अजून कोणी तुरुंगात टाकलेलं नाही.

पत्राला कारण काही नाही. सख्ख्या बहिणीला लिहायला कारण कशाला हवं? आजी दुपारची झोपली आहे, भांडी झाली आहेत, म्हणून बसले. (आजी म्हणजे मी जिला सांभाळते ती कोग्लर आजी. वय एक्याण्णव, कान चांगले, पाय बाद, जीभ माझ्यासारखी.) पंधरा दिवस मी आणि पंधरा दिवस आपल्या खालच्या आळीतली यारमिला, अशी आमची पाळी आहे हे तुला माहीतच आहे. शुक्रवारी सकाळी बोट ऑस्ट्रियाच्या काठाला लागते, एक उतरते, एक चढते, आणि मधल्या तीन मिनिटांत यारमिला मला सांगते की फ्रीज कसा घाण ठेवला होतास.

तर ऐक. इथे चार महिन्यांच्या आत सरकारी कचेरीत नोंद करावी लागते. मुदत संपायला सहा दिवस राहिले तेव्हा आजीच्या मुलाने विचारलं, नोंद केलीत ना. मी म्हटलं, हो तर. आणि रात्रभर छताकडे बघत पडले. तू मला भित्री म्हणू नकोस, तू तर त्या हंसापासून सरकारी खुर्ची दिसली तरी घामाघूम होतेस. अर्थात मी तुला दोष देत नाही. आठ वर्षांची होतीस. राखायला दिलेला पांढरा हंस सरहद्दीच्या काटेरी तारेवरून उडून नदीपलीकडे गेला काय, आणि दुसऱ्या दिवशी दोन शिपाई दारात उभे. हंस कोणाच्या सांगण्यावरून गेला? कोणाला निरोप घेऊन गेला? त्याच्या पायाला निळी चिंधी होती ती कसली खूण? दोन तास तुला उभं केलं होतं मेल्यांनी. बाबा नुसते टोपी हातात धरून. चिंधी तू हौसेने बांधली होतीस हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

म्हणून मी पूर्ण तयारीने गेले. सुट्टीत घरी आले होते तेव्हाच सगळे कागद आणून ठेवले होते: आठवी पास झाल्याचा, बाप्तिस्म्याचा, आमच्या ह्यांच्या मृत्यूचा, फादरनी दिलेलं चांगल्या चालीचं पत्र, आणि छातीचा एक्स-रे. (एक्स-रे ह्यांचाच होता, पण छाती ती छाती.) शिवाय दुसऱ्या पिशवीत घरची आलुबुखाराची दारू एक बाटली, धुरावलेलं सॉसेज हातभर, आणि हंसाच्या चरबीची बरणी. आपल्याकडे आई साधा शिक्का मारून घ्यायला जायची तरी पिशवी रिकामी नेत नसे, हे तुला सांगायला नको. आजीला एकटं ठेवता येत नाही म्हणून तिलाही चाकाच्या खुर्चीत बसवून नेलं. चरबीची बरणी तिच्याच मांडीवर दिली.

आत एक चष्मेवाला पोरगेलासा साहेब. मी बसायच्या आधीच भांडायला सुरुवात केली. म्हटलं, मी कोणाची नोकरी हिसकावलेली नाही, तुमच्या एका तरी बाईला विचारा आजीला अंघोळ घालशील का म्हणून. तो म्हणाला, "ओळखपत्र?" दिलं. "विम्याचा कागद? कामाचा करार?" दिला. एक्स-रे पुढे केला तर त्याने उजेडाकडे धरून नीट बघितला आणि सभ्यपणे परत दिला. ठप्प करून शिक्का. "झालं, बाई."

सात मिनिटं, ताई. भिंतीवरच्या घड्याळात बघितली. मी म्हटलं, झालं म्हणजे काय, परवानगी कोण देणार, मोठे साहेब कुठे आहेत? तर म्हणतो, "परवानगी नसतेच. तुम्ही आमच्याच युरोपीय संघातल्या शेजारच्या देशाच्या. इथे काम करायचा तुम्हाला हक्कच आहे. आम्ही फक्त लिहून ठेवतो." मला रागच आला. रात्रभर जागून पाठ केलेली भांडणं, त्यातलं निम्मंसुद्धा वापरलं नव्हतं. म्हणजे आपण पोरी बीट खुरपताना ज्या काठाकडे मान वर करून बघायलाही भ्यायचो, तिथे जायचा मला हक्क आहे, आणि हे मला एक चष्मेवाला पोरगा सांगतो, तेही सर्दी झालेल्या आवाजात.

मग मला भरून आलं आणि मी चूक केली. सॉसेज काढून त्याच्या टेबलावर ठेवलं.

तो खुर्चीसकट मागे सरकला. फोन केला. मोठ्या साहेबीणबाई आल्या, सॉसेजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, डुक्कर घरचं आहे, संशय नको. आजी मागून ओरडली, "अगं एर्ना, घे की, तुझा बाप माझ्याकडे डुक्कर कापायला यायचा." पण नियम म्हणजे नियम. त्यांनी कागद केला की सॉसेज एक, लांबी अमुक, अर्जदाराला न खाता परत केलं. त्यावर मी सही, त्यांनी सही, चष्मेवाल्याने सही. त्याला पाऊण तास लागला. आता माझ्याकडे दोन कागद आहेत, एक नोंदणीचा आणि एक सॉसेजचा, आणि दुसरा जास्त जाड आहे. सॉसेज आम्ही बाहेर बाकावर बसून खाल्लं. आजीने बाटलीही उघडायला लावली. येताना खुर्ची सरळ जात नव्हती, ढकलणारीमुळे.

बाकी सगळं ठीक. कोंबड्यांना जप.

तुझी,
व्हेरोना

ता. क. यारमिला लग्न करते आहे. एकोणसाठाव्या वर्षी, बोट चालवणाऱ्या त्या विधुराशी. (पंधरा-पंधरा दिवसांनी दहा मिनिटांची नदी, त्यात जमवलं.) काम सोडते आहे. येत्या शुक्रवारपर्यंत तिच्या जागी कोणी मिळालं नाही तर आजीचा मुलगा आजीला वृद्धाश्रमात ठेवणार, आणि मी परत बीटाच्या शेतात. मी तुझं नाव दिलं आहे. ओळखपत्र घेऊन शुक्रवारी सातच्या बोटीने ये. इतर कागदांचं तेव्हा मी बघते. एक्स-रे नको.

ता. क. दुसरा. वर मी तयारीने गेले असं लिहिलं ते खरं, पण दारात पाऊण तास उभी होते. पाय पुढे पडेना. शेवटी आजीने काठीने ढोसलं. तुला ढोसायला मी असेन. बाटली आण, आजीची संपली.

ता. क. तिसरा. हे लिहायचं नव्हतं. काल आजीला तुझ्या हंसाची गोष्ट सांगितली. चमचा खाली ठेवून ती म्हणाली, "पायाला निळी चिंधी होती का गं?" ताई, तो आजीच्याच अंगणात उतरला होता, आणि त्या नोव्हेंबरात तिच्या घरच्यांनी तो खाल्ला. म्हणते फार चविष्ट होता आणि पन्नास वर्षं घशात अडकलाय. तुझी माफी मागायची आहे, आणि तुला एक अख्खा हंस भाजून वाढल्याशिवाय ती कुठल्याही आश्रमात जाणार नाही. तू आली नाहीस तर स्वतः बोटीत बसून तुझ्याकडे यायचं म्हणते. तेवढं होऊ देऊ नकोस. तिच्या ओळखपत्राची मुदत सहा वर्षांपूर्वीच संपली आहे.